रिव्हर्स थ्रस्टची गोम आयडलमध्ये असते

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी उड्डाणं सुरू झाली आणि खारघर-उलव्याकडच्या माझ्या ओळखीतल्या बऱ्याच पोरांनी (आणि पोरांच्या बापांनीही) कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर टाकून घेतला. त्यांचे प्रश्न ठरलेल्या क्रमानं येतात. आधी विमान उडत का नाही, मग नीट उतरत का नाही, आणि तेही जमलं की हा: "काका, रिव्हर्स लागतच नाही." रिव्हर्स, म्हणजे उतरल्यावर वेग कमी करायला इंजिनाचा जोर उलट्या दिशेला लावणं. कधी तक्रार नेमकी उलटी असते. रिव्हर्स लागतो, पण सुटत नाही. विमान धावपट्टीवर थांबतं आणि मग आपलं आपण मागे सरकायला लागतं.

दोन्ही तक्रारींत रिव्हर्सचं बटण मी सर्वांत शेवटी तपासतो. थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, म्हणजेच लिव्हर) पूर्ण मागे ओढल्यावर सिम्युलेटरला खरंच शून्य दिसतंय का, ते आधी बघतो. आयडल म्हणजे इंजिन चालू, पण जोर सर्वांत कमी. रिव्हर्स म्हणजे त्या आयडलच्या पलीकडे सुरू होणारा थ्रॉटलचाच पुढचा (खरं तर मागचा) टप्पा. आयडल कुठे संपतं हेच यंत्राला नक्की ठाऊक नसेल, तर रिव्हर्स कुठून सुरू करायचा हे त्याला कळणार कसं?

सेटिंगकडे वळण्याआधी विमानात नेमकं काय घडतं ते बघू. ते डोक्यात बसलं की मेन्यूतले शब्द आपोआप उलगडतात.

हवेची वाट बदलते

रिव्हर्समध्ये जेट इंजिन उलटं फिरत नाही. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ च्या इंजिनाचा पुढचा मोठा पंखा जेवढी हवा ओढतो, त्यातली बहुतेक आतल्या जळणाच्या भागात जातच नाही. ती बाजूनं वळसा घालून मागे निघते. रिव्हर्स लावला की इंजिनाच्या आवरणाचा मागचा भाग आणखी मागे सरकतो, आत झडपा आडव्या येतात, बाजूची वाट बंद होते आणि ती हवा जाळीसारख्या पात्यांतून तिरकी पुढे फेकली जाते. टेबलफॅनच्या तोंडाशी पुठ्ठे तिरके धरून वारा आपल्यापासून उलटा वळवावा, तसाच हा प्रकार. सीएफएम५६ इंजिनं असलेल्या जुन्या ए३२० वर सरकतं आवरण नसतं. तिथे प्रत्येक इंजिनावर चार दारं बाहेर उघडतात. सिम्युलेटरमध्ये बाहेरचा कॅमेरा लावून हा फरक बघण्यासारखा आहे.

मधल्या गाभ्यातला गरम झोत मात्र मागेच जात राहतो. म्हणून उलटा जोर पुढच्या जोरापेक्षा बराच कमी असतो. तो सर्वांत उपयोगी पडतो ते विमान टेकल्या टेकल्या, वेग जास्त असताना. वेग उतरला की तीच पुढे फेकलेली हवा आणि धावपट्टीवरची धूळ-खडी पुन्हा इंजिनात ओढली जाण्याचा धोका वाढतो. म्हणून ए३२० वर ७० नॉटला (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप) रिव्हर्स आयडलला आणतात आणि ७३७ वर ६० नॉटपासून कमी करत जातात.

टर्बोप्रॉपची, म्हणजे जेटसारखं इंजिन बाहेरचा पंखा फिरवतं त्या विमानांची, तऱ्हा वेगळी. योगायोग असा की नवी मुंबईच्या धावपट्टीवर ११ ऑक्टोबर २०२४ ला पहिल्यांदा उतरलं ते हवाई दलाचं सी-२९५, म्हणजे टर्बोप्रॉपच. प्रवासी कंपनीचं ए३२० चाचणीसाठी आलं त्यानंतर, २९ डिसेंबरला. टर्बोप्रॉपमध्ये पंखा त्याच दिशेनं फिरत राहतो, पात्यांचा कोन बदलतो. आयडलच्या मागे आधी 'बीटा' नावाचा पट्टा येतो. तिथे लिव्हर थेट पात्यांचा कोन ठरवतो. आणखी मागे ओढलं की कोन उणे होतो आणि पंखा हवा पुढे ढकलतो. एटीआर, कॅरॅव्हॅन, किंग एअर या सगळ्यांत हेच.

सेसना १७२ मध्ये रिव्हर्स नसतोच. बहुतेक जण शिकायला तेच विमान घेतात आणि त्यातच रिव्हर्सचं बटण तपासत बसतात. तिथे काहीच होत नाही, हेच बरोबर आहे.

खऱ्या कॉकपिटमधला अडथळा

बोइंगमध्ये प्रत्येक थ्रस्ट लिव्हरच्या पुढच्या अंगाला एक छोटा लिव्हर बिजागरीवर बसवलेला असतो. मोठा लिव्हर आयडलला पूर्ण मागे असेल तरच छोटा वर उचलून मागे ओढता येतो, आणि छोटा ओढलेला असताना मोठा पुढे सरकत नाही. एअरबसमध्ये वेगळा लिव्हर नाही, एकाच लिव्हरला खाचा आहेत. पुढून टोगा (पूर्ण जोर), मग फ्लेक्स (उड्डाणासाठी थोडा कमी जोर), मग क्लाइम्ब (वर चढतानाचा जोर), मग आयडल. आयडलला लिव्हर अडतो. त्याच्या पुढची छोटी कळ बोटांनी उचलली तरच तो मागच्या पट्ट्यात शिरतो: आधी रिव्हर्स आयडल (रिव्हर्स उघडा, पण जोर किमान), टोकाला फुल रिव्हर्स. म्हणजे दोन्ही कंपन्यांनी एकच गोष्ट पक्की केली आहे, की आयडलवरून गेल्याशिवाय रिव्हर्सला जाता येणार नाही आणि चुकून तर नाहीच नाही.

हवेत रिव्हर्स लागला तर काय होतं ते २६ मे १९९१ ला थायलंडवर दिसलं. लाउडा एअरच्या बोइंग ७६७ च्या डाव्या इंजिनाचा रिव्हर्सर चढताना उघडला आणि विमानातले सगळे २२३ जण गेले. लिव्हरच्या अडथळ्याखेरीज यांत्रिक कुलपं असतात, आणि चाकं जमिनीवर टेकली आहेत की नाही हे तपासणारी यंत्रणाही असते. सिम्युलेटरमधली चांगली विमानं हे नियम पाळतात. तेव्हा हवेत असताना बटण दाबून बघण्यात अर्थ नाही.

आयडलचं महत्त्व याहूनही नेमकं दाखवणारी घटना १७ जुलै २००७ ची, साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळावरची. टॅम कंपनीचं ए३२० ओल्या धावपट्टीवर उतरलं. त्याच्या उजव्या इंजिनाचा रिव्हर्सर आधीपासून बंद करून ठेवलेला होता, आणि तसं उडायला नियमांची परवानगी असते. डावा लिव्हर रिव्हर्समध्ये गेला. उजवा क्लाइम्बच्या खाचेतच असल्याचं रेकॉर्डरमधून पुढे आलं. एक लिव्हर आयडलला आला नाही म्हणून पंखांवरचे ग्राउंड स्पॉयलर (टेकल्यावर उभ्या राहून विमान जमिनीवर दाबणाऱ्या फळ्या) उघडले नाहीत, ऑटोब्रेक (आपोआप लागणारा ब्रेक) लागला नाही, आणि उजवं इंजिन विमानाला पुढेच ढकलत राहिलं. विमानातले आणि जमिनीवरचे मिळून १९९ जण मेले.

तुमच्या टेबलावरचं ए३२० याच तर्कानं चालतं. लिव्हर तुमच्या दृष्टीनं पूर्ण मागे असेल, पण आतलं पोटेन्शियोमीटर (लिव्हरची जागा मोजणारा फिरता भाग) शून्याऐवजी थोडंसं जास्त सांगत असेल, तर विमानाच्या लेखी तुम्ही अजून आयडलला आलेलाच नाही. मग स्पॉयलर उघडायला का-कू करतात, "रिटार्ड, रिटार्ड" चा पुकारा थांबत नाही, आणि रिव्हर्सही लागत नाही.

आधी शून्य

विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची खिडकी उघडा आणि थ्रॉटल सावकाश टोकापासून टोकापर्यंत न्या. दोन गोष्टी बघायच्या. मागच्या टोकाला पट्टी खरंच तळाला टेकते का? आणि लिव्हरला हात न लावता पट्टी थरथरते का? खाडीकाठच्या दमट हवेत आणि धुळीत साधी पोटेन्शियोमीटरं लवकर कुरकुरायला लागतात, त्यामुळे आपल्याकडे दुसरी तक्रार जास्त. हॉल सेन्सरवाली (न घासता चुंबकानं जागा मोजणारी) उपकरणं या बाबतीत कितीतरी शांत असतात.

ही थरथर रिव्हर्सचा खून करते, आणि तोही गुपचूप. समजा तुम्ही कीबोर्डवरून रिव्हर्स लावलात. पुढच्याच क्षणी थ्रॉटलचा आकडा एका घरानं हलला. सिम्युलेटरला वाटतं, मालकानं लिव्हर हलवला. तो नवी आज्ञा म्हणून आयडलचा आकडा पाठवतो आणि रिव्हर्स सुटतो. स्क्रीनवर रिव्हर्सची खूण क्षणभर चमकून जाते. लोकांना वाटतं बटण खराब आहे.

उपाय सोपा आहे. कंट्रोल्सच्या सेटिंगमध्ये थ्रॉटलच्या अॅक्सिसच्या (लिव्हरचा पूर्ण प्रवास सिम्युलेटरला कळवणाऱ्या मार्गाच्या) टोकाला थोडा डेड झोन द्या, म्हणजे शेवटचे दोन-तीन टक्के सरळ शून्य धरले जातील. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये हे संवेदनशीलतेच्या पानावर असतं, एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये त्या अॅक्सिसच्या वक्ररेषेत बसवता येतं. डेड झोन दिल्यावर कॉकपिटमधला लिव्हर बघा. तुमचा हात मागे टेकण्याच्या किंचित आधी तो आयडलला बसला पाहिजे.

मग रिव्हर्स: तीन वाटा

कोणती वाट घ्यायची ते तुमच्या हातात काय आहे त्यावर ठरतं.

पहिली, बटण दाबून धरायचं. लॉजिटेकच्या एक्स्ट्रीम थ्रीडी प्रोसारखी जॉयस्टिक असेल, जिच्या बुडाशी थ्रॉटलची एक छोटी पट्टी असते आणि खाच वगैरे काही नसते, तर मी डोळे झाकून हीच वाट सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये कीबोर्डवरचं एफ२ म्हणजे 'डिक्रीज थ्रॉटल'. आयडलला आल्यावरही ते दाबून धरलं की थ्रॉटल शून्याखाली, रिव्हर्समध्ये उतरतो. एफ१ दाबलं की परत आयडल. हीच आज्ञा जॉयस्टिकच्या एखाद्या बटणावर द्या. एक्स-प्लेनमध्ये 'होल्ड थ्रस्ट रिव्हर्स अॅट मॅक्स' अशी स्वतंत्र आज्ञा आहे: दाबून धरलंत तोवर पूर्ण रिव्हर्स, सोडलंत की बंद. विसरण्याची सोयच नाही, म्हणून मला ती फार आवडते.

दुसरी वाट टॉगलची. एकदा दाबा, रिव्हर्स चालू. पुन्हा दाबा, बंद. चालू असताना थ्रॉटल पुढे ढकलाल तसा उलटा जोर वाढतो. बऱ्याच जणांची फजिती इथेच होते, कारण विमान थांबवायला लिव्हर पुढे ढकलायचा हे हाताला पटत नाही. आणि टॉगलला आठवण नसते. तुम्ही दोनदा दाबलंत की तीनदा, हे खिडकीबाहेर धावपट्टी संपत आलेली असताना कुणाला आठवतंय? सुरुवातीला सांगितलेलं ते मागे सरकणारं विमान बहुतेक टॉगलचंच बळी असतं. दुसरा इलाजच नसेल तर टॉगल वापरा, नाहीतर लांब राहा.

तिसरी वाट अॅक्सिसची, म्हणजे लिव्हरच्या प्रवासाचाच एक भाग रिव्हर्सला द्यायचा. खऱ्या विमानाच्या सर्वांत जवळची. पण इथे उपकरणाचा स्वभाव ओळखावा लागतो, कारण बाहेरून सारखी दिसणारी उपकरणं आतून वेगळी असतात.

लॉजिटेकचा थ्रॉटल क्वाड्रंट (टेबलावर बसवायचा लिव्हरांचा संच) आणि हनीकोम्बचा ब्राव्हो यांत खाचेखाली लिव्हर ओढला की अॅक्सिस शून्यावरच थांबतो आणि वेगळं बटण दाबलं जातं. म्हणजे डोळ्यांना ती अॅक्सिस दिसते, पण खरं तर ती पहिलीच वाट आहे. त्या बटणाला 'डिक्रीज थ्रॉटल' द्या आणि बटण सुटल्यावर थ्रॉटल आयडलला येईल अशी दुसरी आज्ञा जोडा. ब्राव्होच्या मोठ्या विमानांसाठीच्या लिव्हरना बोइंगसारखे छोटे रिव्हर्स लिव्हरही आहेत, तीही बटणंच.

थ्रस्टमास्टरच्या टीसीए एअरबस क्वाड्रंटमध्ये मात्र आयडलच्या मागे रिव्हर्सचा खराखुरा पट्टा आहे. तिथे सिम्युलेटरच्या सेटिंगपेक्षा विमानाचं स्वतःचं कॅलिब्रेशन महत्त्वाचं. फ्लायबायवायरच्या मोफत ए३२० मध्ये कॉकपिटमधल्या टॅबलेटवर थ्रॉटल कॅलिब्रेशनचं पान आहे. त्यात 'रिव्हर्सर ऑन अॅक्सिस' चालू करायचं, मग लिव्हर एकेका खाचेत ठेवून ती जागा नोंदवत जायचं, फुल रिव्हर्सपासून टोगापर्यंत. दोन्ही लिव्हरांचं वेगवेगळं करा. एकाचं करून दुसऱ्याला तेच आकडे दिले की एक इंजिन रिव्हर्समध्ये आणि दुसरं आयडलला, असा प्रकार होतो आणि विमान धावपट्टीवर एका बाजूला खेचतं.

टी.फ्लाइट हॉटास या जॉयस्टिक-थ्रॉटल जोडीतल्या थ्रॉटलला मधोमध एक हलकी खाच आहे. ती बघून अनेकांना मोह होतो की मधली खाच म्हणजे आयडल, मागचा अर्धा प्रवास रिव्हर्स. करता येतं. मी करू देत नाही. रिव्हर्स एका लँडिंगमध्ये पाव-अर्धा मिनिट लागतो. त्यासाठी लिव्हरचा अर्धा प्रवास दिला तर पुढच्या जोराला उरलेला अर्धा अगदी तुटपुंजा पडतो आणि उतरताना वेग सांभाळणं जड जातं. पाव भाग रिव्हर्सला पुष्कळ झाला.

हातानं बनवणाऱ्यांसाठी

ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लागणारं सगळं सामान मिळतं: १० किलोओहमचं सरळ चढणारं पोटेन्शियोमीटर (ऑडिओवालं घेऊ नका, त्याचा चढ वाकडा असतो), दोन मायक्रोस्विच, आणि अर्ड्युइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो. हे दोन बोर्ड कॉम्प्युटरला थेट जॉयस्टिक म्हणून ओळख देऊ शकतात. साधा ऊनो तसा देत नाही.

बोर्ड लिव्हरची जागा ० ते १०२३ या आकड्यांत मोजतो. समजा पूर्ण मागे ०, पूर्ण पुढे १०२३. पाव भाग रिव्हर्सला द्यायचा तर आयडल २५६ च्या आसपास येतं. पण आयडल हा एक आकडा ठेवू नका, पट्टा ठेवा: २४० ते २७२ मध्ये काहीही आलं तरी आयडल. २७२ च्या पुढे पुढचा जोर, २४० च्या खाली उलटा. थरथर तीन-चार घरांची असेल तर ती या पट्ट्यात जिरून जाते.

आणि लाकडात किंवा थ्रीडी प्रिंटमध्ये आयडलच्या जागी एक खरा उंचवटा द्या, लिव्हर उचलल्याशिवाय ओलांडता येणार नाही असा. उतरताना डोळे धावपट्टीवर असतात. आयडल आलं हे हाताला कळलं पाहिजे. मायक्रोस्विच त्या उंचवट्याच्या मागे बसवला की अॅक्सिसची भानगड नको असलेल्यांना तोच रिव्हर्सचं बटण म्हणून वापरता येतो.

चाचणी

उडून चाचणी घेऊ नका. विमान धावपट्टीवर उभं करा, पार्किंग ब्रेक लावा, इंजिनं चालू. लिव्हर आयडलला, मग रिव्हर्स. ए३२० च्या वरच्या मधल्या स्क्रीनवर इंजिनाच्या आकड्यांपाशी 'रेव्ह' अक्षरं आधी पिवळट, मग हिरवी दिसतात: पिवळट म्हणजे झडपा उघडतायत, हिरवी म्हणजे पूर्ण उघडल्या. ७३७ एनजीवरही असंच. हिरवं दिसल्यावरच जोर वाढवायचा. बाहेरच्या कॅमेऱ्यातून आवरण सरकलेलं बघा, परत आयडलला आणा, ते मिटलेलं बघा. दोन्ही इंजिनं बरोबरीनं उघडली-मिटली पाहिजेत.

आता उतरून बघा. नवी मुंबईची धावपट्टी ३७०० मीटर लांब आहे, सरावाला ऐसपैस. तुमच्या सिम्युलेटरच्या नकाशात ती अजून नसेल तर मुंबई विमानतळाची २७ क्रमांकाची धावपट्टी घ्या. मागची चाकं टेकताच लिव्हर आयडल, लगेच रिव्हर्स, हिरवं दिसलं की पूर्ण, ७० नॉटला रिव्हर्स आयडल, टॅक्सीच्या वेगाला येताना बंद. एकदा रिव्हर्स ओढला की पुन्हा उड्डाण करायचं नाही, थांबायचंच. हा नियम खऱ्या वैमानिकांना आहे आणि घरीही पाळलेला बरा, कारण अर्धवट मिटलेल्या रिव्हर्सरनं उडायचा प्रयत्न सिम्युलेटरही माफ करत नाही.

इथे एक तक्रार हमखास येते: "रिव्हर्स लावला काय, न लावला काय, थांबायला अंतर तेवढंच लागतं." सेटिंग बरोबर असूनही असं होतं आणि त्याचं कारण ऑटोब्रेक. ऑटोब्रेक ठरावीक दरानं वेग कमी करायचा वायदा करतो. रिव्हर्सनं थोडं काम उचललं की तो ब्रेक तेवढा सैल सोडतो. दर तोच, अंतर तेच. फायदा होतो तो ब्रेकची तापणूक आणि झीज कमी होण्यात. कोरड्या धावपट्टीवरचं प्रमाणित लँडिंग अंतर काढतानाही रिव्हर्सची मदत हिशोबात धरत नाहीत. तुमचा रिव्हर्स खरंच काम करतो का हे बघायचं असेल तर ऑटोब्रेक बंद करा, हवामानात जुलैचा पाऊस लावा आणि एकदा रिव्हर्ससह, एकदा त्याशिवाय थांबून बघा. ओल्या धावपट्टीवर टायरची पकड कमी पडते, ब्रेक वायदा पाळू शकत नाही, आणि चाकांवर अवलंबून नसलेला हा जोर तिथे ठळक दिसतो.

एवढं करूनही गडबड असेल तर जोडणी दुहेरी झाली आहे का बघा. नवं उपकरण लावलं की सिम्युलेटर त्याला स्वतःहून काही आज्ञा देऊन टाकतो, आणि जुन्या जॉयस्टिकची थ्रॉटल पट्टीही तशीच जोडलेली राहते. मग एक म्हणतो आयडल, दुसरा म्हणतो तीस टक्के. जुन्यावरची थ्रॉटलची नेमणूक काढून टाका. केबल दुसऱ्या यूएसबी सॉकेटात घातली तरी कधी कधी कॉम्प्युटर तेच उपकरण नवं समजतो आणि डेड झोनसकट सगळं विसरतो, म्हणून सॉकेटवर खुणेचा स्टिकर लावून ठेवा आणि सिम्युलेटरचं अपडेट आलं की उडण्याआधी पार्किंग ब्रेकची ती चाचणी एकदा करा.